पहिल्या अधिवेशनाला जाताना हस्तलिखित घरी ठेवावं

१. लिहायचं एकट्याने, मग गर्दीत कशासाठी?

रहस्यकथा, विज्ञानकथा, भयकथा किंवा प्रेमकादंबरी लिहू पाहणाऱ्या माणसाला कधी ना कधी हा प्रश्न पडतो. लिहिणं हे दार लावून, एकट्याने करायचं काम. मग शेकडो लेखक-वाचक तीन-चार दिवस एखाद्या हॉटेलात जमतात, तिथे जाऊन काय हाती लागणार? या प्रश्नाच्या पोटात बहुतेक वेळा दुसरा प्रश्न असतो: तिथे गेलो तर माझं पुस्तक कुणी छापेल का? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. पहिल्याच अधिवेशनात कादंबरी विकली जाईल या आशेने जाणाऱ्याच्या पदरी सहसा निराशा येते, आणि त्या एका आशेपायी जे सहज मिळण्यासारखं होतं त्याकडेही त्याचं लक्ष जात नाही. तरीही जावं, असं माझं ठाम मत आहे. इंग्रजी प्रकाशनव्यवसाय ज्याला ‘जॉनर फिक्शन’ म्हणतो ते लेखन कोणा एकाच्या मालकीचं नसतं. त्याचे संकेत, त्याच्या युक्त्या, त्याच्या व्यवहारातल्या खाचाखोचा ही अनेक लेखकांनी आणि त्याहून अधिक वाचकांनी मिळून साठवलेली पुंजी आहे. तिचा बराचसा भाग पुस्तकांत सापडतो, पण सगळा नाही. उरलेला भाग माणसांकडे असतो, आणि ती माणसं एका जागी जमतात ती अशा अधिवेशनात.

२. वाचकांनी सुरू केलेलं घर

लेखकांचा मेळावा म्हटलं की मराठी वाचकासमोर साहित्य संमेलन उभं राहतं. त्याची परंपरा 1878 साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात भरलेल्या ग्रंथकार संमेलनापर्यंत जाते. ग्रंथदिंडी, अध्यक्षीय भाषण, परिसंवाद, कविसंमेलन. व्यासपीठावर लेखक आणि मांडवात श्रोते. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये वाढलेलं जॉनरचं अधिवेशन समजून घ्यायचं तर हे चित्र थोडा वेळ बाजूला ठेवावं लागेल, कारण त्याची पायाभरणीच वेगळ्या लोकांनी केली. पहिलं जागतिक विज्ञानकथा अधिवेशन, म्हणजे ‘वर्ल्डकॉन’, जुलै 1939 मध्ये न्यूयॉर्कला भरलं. सुमारे दोनशे माणसं आली. ते भरवणारे विज्ञानकथेची मासिकं झपाटल्यासारखी वाचणारे तरुण होते, आणि त्यांनी सन्माननीय पाहुणा म्हणून निवडला तो लेखक नव्हता, मासिकांची मुखपृष्ठं रंगवणारा चित्रकार फ्रँक पॉल होता. रहस्यकथेचं ‘बाउचरकॉन’ 1970 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाला सुरू झालं आणि त्याला नाव दिलं गेलं ते दोन वर्षांपूर्वी वारलेल्या अँथनी बाउचर यांचं. बाउचर स्वतः लिहीत, पण लोक त्यांना ओळखत ते ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये रहस्यकथांची परीक्षणं लिहिणारा जाणकार म्हणून, म्हणजे एक उत्तम वाचक म्हणून.

या उगमाचे परिणाम आजही दिसतात, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने ते ओळखले तर त्याचा संकोच निम्मा होतो. वर्ल्डकॉनला तिकीट काढत नाहीत, सभासद होतात. विज्ञानकथेचा ‘ह्यूगो’ पुरस्कार 1953 साली सुरू झाला आणि तो ठरतो या सभासदांच्या मतांनी. पुढचं अधिवेशन कोणत्या शहरात भरवायचं तेही सभासदच ठरवतात. बाउचरकॉनच्या ‘अँथनी’ पुरस्कारांनाही तिथे आलेली माणसंच मत देतात. काम स्वयंसेवक करतात, आणि मोजके सन्माननीय पाहुणे सोडले तर गाजलेल्या लेखकालाही नोंदणीशुल्क भरावं लागतं. त्यामुळे ज्याच्या पुस्तकांच्या लाखो प्रती खपल्या आहेत असा लेखक चहाच्या रांगेत शेजारी उभा असतो, आणि नव्याने लिहिणाऱ्याच्या मताला तिथे त्याच्या मताइतकंच वजन असतं.

सगळी अधिवेशनं मात्र एका जातीची नसतात. आतापर्यंत सांगितली ती वाचकांची. दुसरी व्यवसायाची: ‘इंटरनॅशनल थ्रिलर रायटर्स’ या संघटनेने 2006 पासून भरवलेल्या थ्रिलरफेस्टला लेखनवर्ग असतात आणि साहित्यिक एजंटांसमोर आपली कादंबरी मांडण्यासाठी वेगळी सत्रं असतात. एजंट म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणारा आणि मानधनातून ठरलेला हिस्सा घेणारा मध्यस्थ. इंग्रजीतल्या मोठ्या प्रकाशकांकडे जाण्याची वाट बहुधा त्याच्यामार्फत जाते. तिसरी जात कार्यशाळांची. तिच्याकडे शेवटी येऊ. कुठलं अधिवेशन कशासाठी आहे हे न पाहता नाव नोंदवणं ही पहिल्या खेपेची सर्वांत महागडी चूक ठरू शकते.

३. करार मोडायचा तर आधी माहीत हवा

मिसळ मागवणाऱ्याला पुढ्यात काय येणार हे ठाऊक असतं. उसळ हवी, तर्री हवी, फरसाण हवं, पाव हवा. तरीही कोल्हापूरची, पुण्याची आणि नाशिकची मिसळ तो वेगळी ओळखतो आणि आवडीच्या ठिकाणी लांबून जातो. जॉनरच्या वाचकाचं असंच असतं. खुनाचं कोडं शेवटी सुटलं पाहिजे, प्रेमकादंबरीचा शेवट आशेचा असला पाहिजे, विज्ञानकथेतल्या नव्या जगाला स्वतःचे नियम असले पाहिजेत आणि ते मध्येच बदलता कामा नयेत, एवढं तो गृहीत धरतो. त्याचा आनंद असतो तो या गृहीतांच्या आत लेखकाने काय नवं केलं ते पाहण्यात. 1930 मध्ये लंडनला स्थापन झालेल्या ‘डिटेक्शन क्लब’मध्ये अगाथा ख्रिस्ती आणि डोरोथी सेयर्स होत्या, चेस्टरटन पहिले अध्यक्ष होते. तिथे नव्या सभासदाला शपथ घ्यावी लागे, आणि वाचकापासून महत्त्वाचा धागा लपवणार नाही हे वचन तीत होतं. एवढ्या मोठ्या लेखकांना एकत्र बसून असं काही ठरवावंसं वाटलं, कारण एकाने वाचकाला फसवलं की पुढच्या सगळ्यांच्या कथेवरचा त्याचा विश्वास उडतो हे त्यांना कळत होतं.

आता यात एक अडचण आहे. लेखक आणि वाचक यांच्यातला हा करार कुठेही पुरता लिहून ठेवलेला नाही आणि तो स्थिर राहत नाही. चाळीस वर्षांपूर्वीची उत्तम रहस्यकथा वाचून तेव्हाचा करार कळतो. आजचा वाचक कशाला कंटाळला आहे, कुठली कलाटणी त्याला दहाव्या पानावर ओळखू येते, कशासाठी तो आसुसलेला आहे, हे जुन्या पुस्तकातून कळत नाही. नव्या पुस्तकातूनही अर्धवटच कळतं, कारण छापून आलेलं पुस्तक एक-दोन वर्षं आधी स्वीकारलेलं असतं. अधिवेशनात मात्र वाचक समोर असतो आणि बोलत असतो. परिसंवादानंतर तो कुठल्या लेखकाच्या सहीसाठी रांग लावतो, पुस्तकविक्रीच्या दालनात काय उचलून पाहतो आणि काय परत ठेवतो, प्रश्नोत्तरांत कशावर चिडतो, हे पाहणं म्हणजे करार आज कुठवर आला आहे ते वाचणं. नव्या लेखकाने पहिला सबंध दिवस फक्त हे पाहण्यात घालवला तरी नोंदणीचे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

४. ब्रॅडबरीने न्यूयॉर्कला काय नेलं

पहिल्या अधिवेशनातून मिळणारी गोष्ट लगेच हातात येत नाही, हे दाखवायला 1939 च्या त्या पहिल्या वर्ल्डकॉनहून चांगला दाखला मला माहीत नाही. लॉस एंजेलिसहून तिथे बसने आलेल्यांत पुढे विज्ञानकथाकार म्हणून गाजलेला, तेव्हा अठरा वर्षांचा रे ब्रॅडबरी होता. भाड्याचे पैसे त्याला फॉरेस्ट अॅकरमन या विज्ञानकथाप्रेमी मित्राने उसने दिले होते. पैसे देऊन कुणी छापावी अशी एकही कथा तोवर त्याच्या नावावर नव्हती. त्याच्या सामानात हॅनेस बोक या चित्रकार मित्राची चित्रं होती, आणि न्यूयॉर्कच्या संपादकांना त्याने ती दाखवली. ‘वीअर्ड टेल्स’च्या फार्न्सवर्थ राइट यांना ती आवडली आणि डिसेंबर 1939 च्या अंकावर बोकचं मुखपृष्ठ झळकलं. म्हणजे पहिल्या अधिवेशनाची फेरी फळाला आली ती मित्राच्या नावावर.

ब्रॅडबरीचं स्वतःचं काय झालं? त्याच प्रवासात त्याची ज्युलियस श्वार्ट्झ या एजंटाशी ओळख झाली. पुढची दोन वर्षं तो लिहीत राहिला. 1941 मध्ये श्वार्ट्झने त्याची ‘पेंड्युलम’ ही हेन्री हॅसेबरोबर लिहिलेली कथा ‘सुपर सायन्स स्टोरीज’ला साडेसत्तावीस डॉलरला विकली, आणि ते पैसे दोघांत वाटले गेले. ओळख 1939 ची, कमाई 1941 ची. या दोन वर्षांत काय घडलं ते महत्त्वाचं आहे: कथा सुधारल्या. ओळखीने त्या सुधारल्या नाहीत, पण सुधारलेली कथा कुणाकडे पाठवायची हे ओळखीमुळे ठरलं.

याची उलट बाजू विज्ञानकथालेखिका ऑक्टेव्हिया बटलर यांच्या आयुष्यात दिसते. 1970 मध्ये क्लॅरियन या सहा आठवड्यांच्या विज्ञानकथा-कार्यशाळेत असताना त्यांच्या दोन कथा स्वीकारल्या गेल्या. नवोदिताला याहून मोठं यश कुठलं? पण त्यानंतरची पाच वर्षं त्यांचं काहीही विकलं गेलं नाही. पडेल ती कामं करत त्या पहाटे उठून लिहीत राहिल्या आणि पहिली कादंबरी आली 1976 साली. एकाला अधिवेशनात काही विकता आलं नाही, दुसरीला कार्यशाळेतच विकता आलं, आणि दोघांनाही पुढची वर्षं टेबलाशी बसूनच काढावी लागली. म्हणून पहिल्या खेपेला विक्री झाली की नाही, हा यशाचा निकष धरणं मला चुकीचं वाटतं.

५. परिसंवादात कान कुठे द्यायचा

एका परिसंवादात चार-पाच लेखक आणि एक सूत्रसंचालक असतात, आणि एका वेळी दोन-तीन दालनांत वेगवेगळे परिसंवाद चालू असतात. नवखा माणूस बहुधा आवडत्या लेखकाचं नाव पाहून दालन निवडतो. मी विषय पाहून निवडायला सांगेन, आणि त्यातही कामाच्या माहितीचे विषय आधी. शवविच्छेदनात मृत्यूची वेळ कितपत अचूक सांगता येते, पोलीस ठाण्यातला कागद कुठून कुठे जातो, पुस्तक छापणं बंद झालं तर हक्क लेखकाकडे परत केव्हा येतात, ही उत्तरं पुढच्या दहा वर्षांच्या लेखनाला पुरतात. व्यवहारातल्या साध्या गोष्टीही इथेच कानावर पडतात. उदाहरणार्थ, अमेरिकेतले विज्ञानकथालेखक ‘नेब्युला’ पुरस्कारासाठी साडेसात हजार शब्दांच्या आतल्या लेखनाला लघुकथा म्हणतात आणि चाळीस हजारांपासून पुढे कादंबरी. मध्ये आणखी दोन पायऱ्या आहेत आणि त्यांची सीमा साडेसतरा हजारांवर आहे. ज्याची कथा अठरा हजार शब्दांची झाली आहे त्याला ती कुठे पाठवायची आणि कुठे पाठवून उपयोग नाही, हे या आकड्यांवरून कळतं.

अशीच एक गोष्ट पैशाची. लेखकाने प्रकाशकाला पैसे द्यायचे नसतात, पैसा लेखकाकडे यायचा असतो, हा नियम जुने लेखक प्रत्येक अधिवेशनात नव्यांना सांगतात. हस्तलिखित वाचण्यासाठी शुल्क मागणारे एजंट आणि छापण्यासाठी लेखकाकडूनच रक्कम घेऊन ती ‘गुंतवणूक’ म्हणवणारे प्रकाशक यांच्या तावडीतून कित्येक नवोदित एवढ्या एका वाक्याने वाचतात.

६. दोन मिनिटांत कादंबरी

‘मॅलिस डोमेस्टिक’ आणि ‘लेफ्ट कोस्ट क्राइम’ या रहस्यकथेच्या अधिवेशनांत एक कार्यक्रम असतो. वाचक टेबलांभोवती बसतात आणि लेखक दोघादोघांनी टेबलामागून टेबल फिरत आपल्या पुस्तकाविषयी प्रत्येकी दोन मिनिटं बोलतात. वीस टेबलं धरली तर एका लेखकाला ऐंशी मिनिटांत तेच वीस वेळा सांगावं लागतं. ज्याचं पुस्तक अजून आलेलं नाही त्याने श्रोता होऊन हा कार्यक्रम अवश्य पाहावा, कारण कथा थोडक्यात सांगणं म्हणजे काय हे तिथे डोळ्यांसमोर घडतं. समजा एखादा लेखक म्हणाला: “माझी कादंबरी एकाकीपणाविषयी आणि बदलत्या कोकणाविषयी आहे, तीत तीन पिढ्या आहेत आणि एक खूनही आहे.” यात खोटं काही नाही, पण ऐकणाऱ्याला पुढे विचारण्यासारखंही काही नाही. आता हेच असं सांगितलं तर? “देवगडच्या पोस्टमास्तर बाईंच्या लक्षात येतं की, खून झालेल्या एका आंबा बागायतदाराच्या नावावर वर्षभरानंतरही दर महिन्याला पत्र येतं आहे. पत्र पाठवणारा सापडला तर खुनी सापडेल. पण पाकिटावरचं अक्षर त्यांच्या मुलाचं आहे.” दुसऱ्या मांडणीत कोण, काय अडचण आणि काय पणाला लागलं आहे, या तीन गोष्टी आल्या, एकाकीपणा आणि बदलतं कोकण वाचकाला पुस्तकात भेटेलच.

याचा खरा उपयोग विक्रीचा नाही, असं मला वाटतं. जी कादंबरी अशी तीन वाक्यांत मांडता येत नाही, तिच्या पोटात बहुतेक वेळा काहीतरी अजून ठरलेलं नसतं. लेखकाला आपली कथा सांगता येत नाही हे कळलं तर तो घरी जाऊन कथाच दुरुस्त करतो. म्हणूनच हस्तलिखित घरी ठेवावं आणि ही तीन वाक्यं मात्र सोबत न्यावीत.

७. आक्षेप

पहिला आक्षेप असा की मोठे लेखक अधिवेशनांशिवाय घडलेच की. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप हे नाव घेऊन, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. ओळख तर सोडाच, ओळख झाकून मिळालेलं हे यश आहे. आक्षेपात तथ्य आहे, आणि स्पर्धेचं दार अधिवेशनाच्या दारापेक्षा न्याय्य असतं हे मी मान्य करतो. पण अर्नाळकरांची पुस्तकं ज्या वेगाने निघत, त्या वेगाने त्यांना वाचकाचा कौलही मिळत होता. आणि नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल स्वतः विज्ञानकादंबऱ्या लिहिणारे होते. खगोलशास्त्रज्ञाने कथा लिहावी यात काही वावगं नाही, हे त्यांनी समोर पाहिलं होतं. सोबत आणि कौल या दोन गोष्टी त्यांना वेगळ्या वाटेने मिळाल्या. ज्याला त्या आपोआप मिळत नाहीत त्याने त्या शोधायला जाण्यात काही गैर नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अशा जागी कंपू असतात. असतात, आणि अगदी पहिल्या दिवसापासून होते. 1939 च्या अधिवेशनात संयोजकांनी विरोधी गटातल्या सहा तरुणांना दारातच अडवलं. त्यांत फ्रेडरिक पोल होता. पुढच्याच वर्षी तो नव्याने निघालेल्या ‘सुपर सायन्स स्टोरीज’चा पहिला संपादक झाला, म्हणजे ब्रॅडबरीची पहिली विकलेली कथा पुढे ज्या मासिकात आली त्याचाच. अमेरिकेतली प्रेमकादंबरीकारांची 1980 साली स्थापन झालेली मोठी संघटना तर 2019 च्या अखेरीस एका लेखिकेवर केलेल्या कारवाईवरून आणि वंशभेदाच्या प्रश्नावरून दुभंगली, सभासद सोडून गेले आणि 2024 मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. हा इतिहास नव्या माणसाला सांगितलाच पाहिजे. पण त्याचबरोबर 1986 चं बाल्टिमोरचं बाउचरकॉनही सांगितलं पाहिजे. तिथे सारा पॅरेट्स्की यांनी रहस्यकथा लिहिणाऱ्या स्त्रियांना एकत्र बसवलं. प्रत्येकीला वाटत होतं की आपलं पुस्तक दुर्लक्षित राहतं तो आपल्या लेखनाचा दोष. एकत्र बसल्यावर कळलं की तक्रार सगळ्यांची आहे. मग त्यांनी ‘सिस्टर्स इन क्राइम’ ही संघटना उभी केली आणि वर्तमानपत्रांत पुरुषांच्या किती आणि स्त्रियांच्या किती पुस्तकांची परीक्षणं येतात ते मोजायला घेतलं. मोजणीने तक्रारीचा पुरावा झाला. अन्याय एकेकट्याला दिसतच नाही, म्हणूनही एकत्र यावं लागतं.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि मराठीत लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तोच निर्णायक आहे. परदेशवारी, हॉटेल, नोंदणी हे सगळं करून मराठी हस्तलिखिताला तिथे गिऱ्हाईक नाही. 2020 चं न्यूझीलंडचं वर्ल्डकॉन साथीमुळे पूर्णपणे ऑनलाइन झालं आणि घरबसल्या भाग घेण्याची वाट मोकळी झाली, पण चहाच्या रांगेतलं बोलणं पडद्यावर होत नाही. या आक्षेपाला माझं उत्तर असं की अधिवेशनातला सर्वांत मोलाचा भाग सर्वांत स्वस्तही आहे, आणि तो इथे आणता येतो: एकमेकांच्या कथा वाचून त्यांवर बोलणं. ती पद्धत कार्यशाळांनी घडवली.

८. वर्तुळ

1956 मध्ये डेमन नाइट, जुडिथ मेरिल आणि जेम्स ब्लिश या विज्ञानकथाकारांनी पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड या छोट्या गावी लेखकांची परिषद भरवली. तिथली पद्धत पुढे क्लॅरियनने उचलली आणि ती जगभर गेली. सगळ्यांनी सगळ्यांच्या कथा आधी वाचून यायचं. वर्तुळात बसायचं. एकेकाने ठरलेल्या वेळात बोलायचं: कथा कुठे पकडते, कुठे सुटते, कुठलं पटत नाही. ज्याची कथा आहे त्याने तोवर एक शब्दही बोलायचा नाही, खुलासा नाही, समर्थन नाही. शेवटी त्याची पाळी. गप्प बसण्याच्या या अटीमागे पक्कं कारण आहे. छापलेली कथा वाचणाऱ्याच्या शेजारी लेखक समजावून सांगायला बसलेला नसतो. जे कथेतून पोचलं नाही ते पोचलंच नाही, हे लेखकाला तिथे बसून ऐकावं लागतं.

सांगली, ठाणे, पणजी किंवा इंदूर, कुठल्याही गावात रहस्यकथा वा विज्ञानकथा लिहिणारे सहा जण जमले तर हिशेब असा बसतो. एका कथेवर इतर पाच जण प्रत्येकी चार मिनिटं बोलले तर वीस मिनिटं; लेखकाच्या उत्तराला पाच; एका कथेला पंचवीस मिनिटं, सहा कथांना अडीच तास. जागा कुठल्याही वाचनालयाची चालते. कथा आठ दिवस आधी एकमेकांकडे पोचलेल्या असाव्यात आणि कुणीतरी एकाने हातात घड्याळ धरून चार मिनिटं झाली की थांबवावं.